ज्येष्ठांचं एकटेपण खरंच घटलं का? सर्वेक्षणाच्या तांत्रिक समितीला खुलं पत्र

प्रति,
तांत्रिक समितीचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

सविनय नमस्कार.

आपल्या सामाजिक सर्वेक्षणाच्या ताज्या फेरीच्या अहवालात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: ज्येष्ठांमधलं एकटेपण घटलं, तरुणांमधलं मात्र तसंच राहिलं. बातम्यांमध्ये ते जसंच्या तसं गेलं. तीन आठवड्यांनी, मी जिथे काम करते त्या ज्येष्ठांसाठीच्या फोनसेवेला देणगीदारांचं पत्र आलं. गरज कमी होत असल्याचं आकडेवारीवरून दिसतं, म्हणून पुढच्या वर्षीचं अनुदान निम्म्यावर आणत आहोत, असं त्यात होतं. आधार म्हणून आपल्या अहवालातलं तेच वाक्य दिलं होतं.

देणगीदारांवर माझा राग नाही. छापील अहवालावर विश्वास ठेवला यात त्यांचं काय चुकलं? ते वाक्य छापण्याआधी ज्या परीक्षा व्हायला हव्या होत्या, त्या झाल्याची एकही खूण अहवालात सापडत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती तुमच्याकडे आहे. तुम्हाला आधी खासगीत दोनदा लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे.

मी या कामाला परकी नाही. याच सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्यांत मी सर्वेक्षक म्हणून घरोघर फिरले आणि चौथ्या फेरीत भरलेल्या प्रश्नावल्यांच्या छाननीला बसले. तेव्हा एकटेपणा, भीती, पैशांची ओढाताण असे प्रश्न आम्ही तोंडी विचारत नव्हतो. त्यांचा वेगळा कागद असायचा. उत्तरदात्याने तो स्वतः भरायचा, पाकिटात घालायचा, पाकीट स्वतःच चिकटवायचं. तेवढा वेळ आपली नजर दुसरीकडे ठेवायची, हे प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. एका आजोबांनी तासाभराच्या मुलाखतीत ‘माझं अगदी मस्त चाललंय’ असं तीनदा सांगितलं. कागद भरताना मात्र त्यांचा हात बराच वेळ एका ओळीवर थांबला. पाकीट देताना म्हणाले, ‘यात लिहिलंय ते तुम्हाला सांगितलेलं नाही हं, बाई.’ मी ते पाकीट उघडलं नाही. पण तोंडी उत्तर आणि कागदावरचं उत्तर ही दोन वेगळी उत्तरं असू शकतात, हे मला त्या दिवशी कायमचं कळलं.

आता ताज्या फेरीकडे येते. खर्च वाचवण्यासाठी घरभेटी बंद केल्या, हे मी समजू शकते. लोक पूर्वीसारखे वेळ देत नाहीत, प्रतिसादाचं प्रमाण जगभर घसरलं आहे, निधी वाढत नाही. हे सगळं मला माहीत आहे. पण बदल कसा केलात? पासष्टच्या पुढच्या उत्तरदात्यांना फोन केला आणि एकटेपणाचे प्रश्न मोठ्याने वाचून विचारले. तरुणांना ऑनलाइन फॉर्म पाठवला, तो त्यांनी एकांतात भरला. म्हणजे मोजण्याची पद्धत बदलली ती दोन गटांत दोन वेगळ्या दिशांनी. समोरच्या माणसाला तोंडी उत्तर देताना लोक लाजिरवाण्या वाटणाऱ्या गोष्टी कमी सांगतात आणि स्वतः भरायच्या फॉर्मवर जास्त सांगतात, हा सर्वेक्षणशास्त्रातला पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला अनुभव आहे. ज्येष्ठांचा कागद काढून त्यांच्या कानाशी आवाज दिलात; त्यांचं एकटेपण कागदोपत्री घटणारच होतं. तरुणांचा कागद गेला, पण त्याजागी पडदा आला, तोही खासगीच. त्यांचा आकडा जागच्या जागी राहिला. अहवालातलं ठळक वाक्य एवढ्यानेही तयार होऊ शकतं. एकाही ज्येष्ठाचं एकटेपण कणभर कमी न होता.

ते खरंच घटलेलं नाही, असं मी म्हणत नाही. घटलं असेलही, आणि घटलं असेल तर माझ्याइतका आनंद क्वचित कुणाला होईल. पण लोक बदलले की पद्धत बदलली, हे तुमच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तुम्ही ते काढण्याचा प्रयत्नही दाखवलेला नाही.

हे अशक्य नव्हतं. अमेरिकेत रोजगार आणि बेकारीचे मासिक आकडे देणाऱ्या सर्वेक्षणाची प्रश्नावली जानेवारी १९९४मध्ये बदलली. त्याआधी जुलै १९९२ ते डिसेंबर १९९३ असं दीड वर्ष नवी पद्धत जुनीच्या शेजारी समांतर चालवून पाहिली होती. नव्या पद्धतीमुळेच आकडा किती हलतो याचा अंदाज हाताशी असावा, एवढ्यासाठी. तिथल्याच ‘जनरल सोशल सर्व्हे’चं उदाहरण घ्या. हे सर्वेक्षण १९७२पासून चालू आहे आणि अनेक दशकं ते मुख्यतः समोरासमोर बसून होत असे. महासाथीमुळे २०२१ची फेरी मुख्यतः ऑनलाइन घ्यावी लागली. तेव्हा त्यांनी वापरकर्त्यांना स्पष्ट बजावलं, की आधीच्या फेऱ्यांशी दिसणारा फरक मतांमधला असू शकतो तसाच पद्धतीतल्या बदलामुळेही असू शकतो. समांतर चाचणी परवडत नसेल, तर निदान एवढा इशारा छापायला पैसे पडत नाहीत.

आपल्या देशाने तर हा धडा फार महाग शिकला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५५व्या फेरीत, म्हणजे १९९९-२०००मध्ये, खाण्यापिण्यावरचा खर्च विचारताना ३० दिवसांचा आणि ७ दिवसांचा असे दोन्ही रकाने शेजारीशेजारी ठेवले गेले. आधीच्या मोठ्या फेऱ्यांत ३० दिवसांचाच हिशेब विचारला जात असे. शेजारच्या रकान्याचा परिणाम उत्तरावर होतो. माणूस दोन्ही आकडे एकमेकांशी जुळवून सांगतो. त्या फेरीवरून दारिद्र्याचं प्रमाण १९९३-९४च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचा अधिकृत आकडा निघाला. त्यातली किती घट लोकांच्या आयुष्यातली आणि किती प्रश्नपत्रिकेतली, यावर अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातला. एका रकान्याने एवढं घडलं. तुम्ही विचारण्याचं माध्यमच बदललं आणि तेही एका गटाला एक, दुसऱ्याला दुसरं.

शब्दरचनेचीही तीच गत आहे. जुना प्रश्न होता: गेल्या आठवड्यात आपल्याशी बोलायला कुणी नाही असं किती वेळा वाटलं? नवा प्रश्न आहे: तुम्हाला एकटेपणाचा त्रास होतो का? पहिल्यात ‘एकटेपणा’ हा शब्दच नव्हता आणि ते विचारपूर्वक केलेलं होतं. एकटेपणा मोजण्याच्या प्रचलित मापांमध्ये साथ नसणं, वगळलं जाणं, तुटलेपण अशा अनुभवांबद्दल विचारतात, थेट शिक्का मारायला सांगत नाहीत, कारण तो शिक्का स्वतःवर मारून घ्यायला लोक कचरतात. नवा प्रश्न वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो वेगळा आहे. वेगळ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या प्रश्नाच्या उत्तरातून वजा करता येत नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले त्याकडे वळते. गेल्या फेरीपर्यंत प्रत्येक तक्त्याखाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या असत: त्या गटात किती उत्तरदाते होते आणि त्या टक्केवारीची प्रमाणित त्रुटी किती, म्हणजे सगळ्यांना न विचारता काही जणांनाच विचारल्यामुळे तो आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो. या फेरीत त्या दोन्ही नाहीत. प्रस्तावनेत म्हटलं आहे की सामान्य वाचकाला अहवाल सोपा जावा म्हणून तांत्रिक तपशील वगळला. माझ्या मते याने वाचक दुबळा झाला. तो तपशील असता, तर आमच्या देणगीदारांना कुणीतरी पेन्सिल हातात घेऊन पुढचा हिशेब दाखवू शकलं असतं.

अहवालातले आकडे बाजूला ठेवू आणि गोल आकडे धरून पाहू. समजा, एका फेरीत ४०० ज्येष्ठांपैकी ३४ टक्क्यांनी एकटं वाटत असल्याचं सांगितलं आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या ४०० ज्येष्ठांपैकी २८ टक्क्यांनी. फरक सहा टक्क्यांचा. कानाला मोठा वाटतो. नमुना अगदी साध्या यदृच्छ पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, निवडला असं मानलं, तरी या फरकाची प्रमाणित त्रुटी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, ज्या पट्ट्यात खरा फरक बहुधा असतो ती, अधिक-उणे ६.४. खरी घट बारा टक्क्यांहून जास्त असू शकते, तशीच ती शून्य असू शकते, किंवा एकटेपण किंचित वाढलेलंही असू शकतं. आणि आपला नमुना साधा नाहीच. आधी वस्त्या निवडायच्या, मग त्यांतली घरं, मग उत्तरदाते, आणि शेवटी भारांक लावायचे, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्यांची उत्तरं जास्त वजनाने मोजायची. सर्वेक्षणतज्ज्ञ लेस्ली किश यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेल्या ‘रचना-परिणामा’चा, म्हणजे अशा निवडीमुळे त्रुटीचा वर्ग साध्या नमुन्याच्या किती पट होतो त्याचा, गुणक अशा वेळी लावावा लागतो. तो दीड धरला तर मर्यादा त्याच्या वर्गमूळाने वाढून जवळजवळ आठ टक्क्यांची होते. सहाचा फरक आणि आठची मर्यादा! पहिल्या पानावर ठळक छापायचं धाडस अशा फरकावर कुणी करेल का?

हाच हिशेब उलट बाजूनेही करायला हवा, नाहीतर मीही अर्धसत्यच सांगेन. गटात ४००च माणसं असतील, तर दहा टक्क्यांहून लहान फरक सहज हातून निसटतो. गुणक धरला तर बारा टक्क्यांपर्यंतचाही. म्हणून ‘फरक सार्थ आढळला नाही’, म्हणजे नुसत्या योगायोगापलीकडचा दिसला नाही, याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. तरुणांचं एकटेपण ‘तसंच राहिलं’ हे विधान याच गल्लतीतून आलं असावं. गट लहान होता, चाचणीत काही सापडलं नाही, म्हणून ‘तसंच राहिलं’ असं लिहून टाकलं. तसंच राहिलं असं म्हणायचं असेल, तर फरक अमुक मर्यादेच्या आतच आहे, हे वेगळ्या चाचणीने दाखवावं लागतं.

त्या ठळक वाक्यात आणखी एक खोल चूक असण्याची शक्यता आहे आणि ती फार सुशिक्षित लोकांकडूनही होते. एका गटातला बदल सार्थ निघाला, दुसऱ्यातला निघाला नाही, म्हणून दोन गट वेगळे वागले, असा निष्कर्ष काढायचा. पुन्हा गोल आकडे घेते. दोन्ही फेऱ्यांत प्रत्येक गटात ५०० माणसं. ज्येष्ठ ४२ टक्क्यांवरून ३४वर आले, तरुण ४२वरून ३९वर. साध्या नमुन्याच्या हिशेबाने ज्येष्ठांमधली आठची घट सार्थ ठरते, तरुणांमधली तीनची ठरत नाही. पण आपला दावा दोन गटांतल्या फरकाबद्दल आहे ना? मग तपासायचा तो आठ आणि तीन यांच्यातला पाचचा फरक. त्याची मर्यादा अधिक-उणे साडेआठ येते. पाचचा फरक साडेआठच्या मर्यादेत बुडून जातो. दोन गटांची वाट वेगळी झाली असं म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि हॅल स्टर्न यांनी २००६मध्ये नेमकं हेच एका लेखात मांडलं होतं: सार्थ आणि असार्थ यांच्यातला फरक स्वतः सार्थ असेलच असं नाही. ‘इथे बदललं, तिथे नाही’ असं म्हणताना फरकातला फरक तपासलाच पाहिजे. तुमच्या अहवालात ती चाचणी कुठेही दिसली नाही.

याच अंगाने दोन लहान गोष्टी. काही तक्त्यांत गटाची तुलना ‘एकूण’शी केली आहे, तो गट त्या ‘एकूण’मध्ये आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे दोन स्वतंत्र नमुन्यांचं सूत्र तिथे लागत नाही. आणि काही ठिकाणी दोन विश्वासमर्यादा एकमेकींवर चढतात म्हणून ‘फरक नाही’ असं म्हटलं आहे. मर्यादा थोड्या एकमेकींवर चढल्या तरी फरक सार्थ असू शकतो. फरकाचीच मर्यादा काढायची, एवढाच त्यावर उपाय.

यातलं काहीच मी स्वतः तपासून पाहू शकत नाही आणि ते तुमच्या दुसऱ्या निर्णयामुळे. संशोधकांसाठी खुल्या केलेल्या डेटा फाइलमधून या वेळी वस्ती-क्रमांक आणि स्तर-क्रमांक (उत्तरदाता कोणत्या वस्तीतला आणि निवडीआधी पाडलेल्या कोणत्या विभागातला, हे सांगणारे) काढून टाकले आहेत. ते नसतील तर कुणालाही प्रमाणित त्रुटी बरोबर काढता येत नाही. एकाच वस्तीतली माणसं बरीचशी एकमेकांसारखी उत्तरं देतात. एका वस्तीतून २० मुलाखती घेतल्या आणि त्यांच्यातलं साम्य, शून्य ते एक या पट्टीवर, ०.०५ एवढं किरकोळ असलं, तरी रचना-परिणाम १.९५ होतो, म्हणजे २००० मुलाखतींचं बळ साध्या नमुन्यातल्या हजारभर मुलाखतींएवढंच उरतं. ज्येष्ठांसारख्या उपगटात एका वस्तीत चार-पाचच जण असतात, तिथे हा परिणाम सौम्य होतो, पण भारांकांमुळे येणारी वाढ तशीच राहते. कार्ल पिअर्सन यांची १९००सालची काय-वर्ग चाचणी, गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी, अशा नमुन्यावर सरळ लावली, तर ती नसलेले फरक दाखवते. जे. एन. के. राव आणि ॲलिस्टर स्कॉट यांनी १९८१पासून त्यासाठीची दुरुस्ती दिलेली आहे आणि ती आज बहुतेक प्रचलित संगणक-प्रणालींत उपलब्ध आहे. ती वापरायला ते दोन क्रमांक लागतात.

गोपनीयतेसाठी क्रमांक काढले, असं तुम्ही म्हणाल. उत्तरदात्याची ओळख उघड होऊ नये याबद्दल माझ्याहून जास्त हट्टी कुणी नसेल. ती पाकिटं मी सांभाळली आहेत. पण क्रमांक बदलून देता येतात, किंवा क्रमांकांऐवजी पुनरावृत्त भारांकांचे (नमुन्याचे निरनिराळे भाग आलटूनपालटून मोजता यावेत म्हणून आधीच तयार केलेल्या भारांकांचे) रकाने देता येतात. त्यांतून त्रुटी काढता येते आणि कोणती वस्ती कुठली हे कळत नाही. अनेक देशांची सर्वेक्षणं हेच करतात.

नमुन्यात आलं कोण, याबद्दलही अहवाल गप्प आहे. फोन उचलणारे, ऐकू येणारे, अनोळखी आवाजाशी वीस मिनिटं बोलू शकणारे ज्येष्ठ आणि घरभेटीत सापडणारे ज्येष्ठ हे एकच नव्हेत. वय आणि लिंग यांचे भारांक लावून ही उणीव भरत नाही, कारण ज्यांना ऐकू येत नाही तेच बहुधा जास्त एकटे असतात. मी संध्याकाळी फोनसेवेवर बसते तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं ‘जरा मोठ्याने बोला’ यातच जातात. त्यांनी आम्हाला स्वतःहून फोन केलेला असतो, म्हणून ते पुढे बोलतात. सर्वेक्षणाच्या फोनवर ते किती वेळ थांबले असते?

समजा, स्वतंत्र राहणाऱ्या ज्येष्ठांपैकी ५० टक्के आणि कुणासोबत राहणाऱ्यांपैकी २० टक्के एकटेपण सांगतात. एका फेरीत स्वतंत्र राहणारे नमुन्यात ४० टक्के असले, तर एकूण आकडा ३२ येतो. पुढच्या फेरीत दोन्हीकडचं एकटेपण थोडं वाढलं, ५२ आणि २१ झालं, पण फोनवर सापडलेल्यांत स्वतंत्र राहणारे २५ टक्केच निघाले. एकूण आकडा पावणेएकोणतीस. दोन्ही गट जास्त एकटे झाले आणि अहवाल म्हणेल, एकटेपण घटलं! समाजशास्त्रज्ञ एव्हलिन कितागावा यांनी १९५५मध्ये अशा फरकाचे दोन वाटे करण्याची रीत दिली: किती फरक गटांच्या प्रमाणामुळे आणि किती प्रत्यक्ष दरांमुळे. ती रीत शिकायला एक दुपार पुरते. सत्तर वर्षांनंतरही आपल्या अहवालात तिचा पत्ता नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न: दोन गट एकाच मापाने स्वतःला मोजतात का? राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना विचारलं होतं, सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं? चीनमधल्या लोकांनी आपलं जास्त चालतं असं सांगितलं. मग त्याच लोकांना काही काल्पनिक माणसांचे प्रसंग वाचून दाखवले आणि त्या माणसांचं किती चालतं हे त्याच पट्टीवर सांगायला लावलं. तेव्हा दिसलं की दोन्हीकडची पट्टीच वेगळी होती. ती जुळवून घेतल्यावर क्रम उलटा झाला. ‘कधीकधी’ हा पर्याय ८० वर्षांच्या आजींना आणि २२ वर्षांच्या मुलीला एकाच अर्थाने भिडतो, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मापन-समतुल्यतेची तपासणी यासाठीच असते. गटागटांत आणि फेरीफेरीत प्रश्नांचा एकमेकांशी संबंध तोच आहे का, आणि एकटेपण सारखं असताना उत्तरही सारखंच येतं का, हे ती पाहते. ती न करता सरासऱ्यांची तुलना छापणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांवरचे आकडे एका रकान्यात लिहिणं.

अनेक चाचण्यांचा मुद्दा थोडक्यात आटोपते, कारण तो तुम्हाला माहीत आहेच. आठ गट आणि पंचवीस प्रश्न म्हणजे २०० तुलना. काहीही बदललेलं नसताना ५ टक्क्यांच्या पातळीवर त्यांतल्या दहाएक तुलना ‘सार्थ’ निघतील. तुलना जितक्या जास्त तितकी कसोटी कडक करणारी बोनफेरोनीची दुरुस्ती फारच कठोर वाटत असेल, तर बेंजामिनी आणि होखबर्ग यांची १९९५ची रीत आहे. कोणतीही वापरा. कोणती वापरली ते लिहा.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आपल्या नमुना-पाहण्यांत नमुन्याचे दोन किंवा अधिक स्वतंत्र भाग पाडत आणि ते वेगवेगळ्या पथकांकडे देत. दोन पथकांचे आकडे जवळ आले तर भरवसा वाढायचा. लांब गेले तर दोष क्षेत्रकामात आहे हे उघड व्हायचं. त्यांनी हे संगणक नसताना, हाताने तक्ते करून, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी सुरू केलं. आपल्याच पद्धतीवर संशय घ्यायची सोय त्यांनी पद्धतीच्या आत ठेवली होती. मी सर्वेक्षक म्हणून लागले तेव्हा आमच्या पर्यवेक्षक बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर हेच काढून दाखवलं होतं. आमच्या कामाला त्यामुळे एक मान होता, असं मला आजही वाटतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही नव्या संशोधनाची वाट पाहायला लावणारी नाही.

अहवालाच्या पहिल्या पानावरचं ते वाक्य शुद्धिपत्र काढून मागे घ्यावं. मोजण्याची पद्धत आणि शब्दरचना बदलल्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहावं आणि ज्यांनी ते वाक्य छापलं त्या वृत्तसंस्थांना ते पाठवावं. एकटेपणाच्या आलेखात या फेरीपाशी रेषा तोडून दाखवावी.

प्रत्येक तक्त्यात गटाची संख्या आणि प्रमाणित त्रुटी परत छापावी. जिथे दोन फेऱ्यांची किंवा दोन गटांची तुलना केली आहे तिथे फरकाची मर्यादा द्यावी, आणि जिथे दोन गटांतल्या बदलांची तुलना आहे तिथे फरकातल्या फरकाची. सामान्य वाचक गोंधळेल असं वाटत असेल, तर हे तपशील परिशिष्टात द्या; पण द्या.

डेटा फाइलमध्ये बदललेले वस्ती-क्रमांक आणि स्तर-क्रमांक, किंवा पुनरावृत्त भारांक, तीन महिन्यांच्या आत जोडावेत.

पुढच्या फेरीत ज्येष्ठांचा आणि तरुणांचाही एक भाग चिठ्ठ्या टाकून निवडावा आणि त्याच्याकडून जुन्या पद्धतीने, जुन्या शब्दांत, पाकिटातल्या कागदावर उत्तरं घ्यावीत. नमुना लहान असला तरी चालेल. पद्धतीमुळे आकडा किती हलतो हे एकदा कळलं, की मागचे आकडेही काही अंशी वाचवता येतील.

कोणत्या गटांची कोणत्या प्रश्नावर तुलना करणार, त्याची यादी क्षेत्रकाम सुरू होण्याआधी प्रसिद्ध करावी. त्या प्रश्नांवर मापन-समतुल्यता तपासून निकाल काहीही आला तरी तो छापावा.

शेवटची मागणी सर्वेक्षकांसाठी आहे. फोनवर प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींना घरभेटीच्या काळात मिळायचं तेवढंच प्रशिक्षण द्या. त्यांच्यापैकी दोघींशी मी बोलले. एकटेपणाचा प्रश्न विचारल्यावर पलीकडे शांतता पसरली तर किती वेळ थांबायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या तीन सेकंद थांबून पुढच्या प्रश्नाकडे जात होत्या. फॉर्मवर त्या शांततेची नोंद ‘नाही’ अशी होत होती की ‘उत्तर दिलं नाही’ अशी, हे त्यांना नक्की सांगता आलं नाही. ते तुम्हीच आम्हाला सांगावं, ही विनंती.

देणगीदारांची पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे. त्याआधी शुद्धिपत्र निघालं, तर मी ते त्यांच्यापुढे ठेवेन. या पत्राच्या प्रत्येक मुद्द्यावर तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर ते जाहीरपणे द्या. माझा हिशेब चुकला असेल तर तेही जाहीरपणे दाखवा, मी तो दुरुस्त करेन.

आपली विश्वासू,
आपल्याच सर्वेक्षणाची एक माजी सर्वेक्षक